मार्चअखेरीस एबीसी: वाट सोपी आहे हो, पण वरचा बर्फ?

कर्वेनगर_डेपो | १० मार्च, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी.

आमची पाच जणांची टोळी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नेपाळातल्या अन्नपूर्णा बेस कॅम्पला निघालीय (पुढे नुसतं एबीसी म्हणतो). पोखरा, छोमरोंग, बांबू, देउराली, मच्छापुच्छ्रे बेस कॅम्प आणि मग एबीसी, असा नेहमीचाच मार्ग. सगळे सह्याद्रीत मुरलेले. राजगड-तोरणा, रात्रीचं कात्रज-सिंहगड, नळीची वाट हे सगळं पायाखालचं. बर्फाच्या नावाने मात्र बोंब आहे. एकाने डिसेंबरात केदारकंठा केलंय, बाकीच्यांचा बर्फ गोळेवाल्याच्या गाडीवरचा.

काल ट्रेकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. देउरालीच्या पुढे वाटेवर मळकट बर्फाचा भलामोठा ढिगारा, त्यात झुडपांच्या फांद्या अडकलेल्या आणि ढिगाऱ्यावरूनच पायवाट गेलेली. खाली आयोजकांचा मेसेज: ‘स्नो कंडिशन सुपर्ब!’ आमच्यातल्या एकीने विचारलं, की इथे हिमस्खलन होऊन गेलंय का? उत्तरादाखल अंगठा आला. अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा तुम्हीच सांगा.

हिमस्खलन म्हणजे थंडीतला प्रकार, मार्चनंतर बर्फ बसतो, असं आम्ही समजून चाललो होतो. ते खरं का? आणि ट्रेक रद्द न करता काय काळजी घेता येईल? जाऊन आलेल्यांनी लिहा. ‘काही होत नाही हो’ हा सल्ला घरबसल्या मिळतोय, तो नको.

सदाशिवपेठी | १० मार्च, रात्री १०:३२

पुण्यात पारा ३७ वर, आणि लोक बर्फ जास्त झाला म्हणून काळजीत. चालू द्या. वाचतोय.

रानजाई | १० मार्च, रात्री ११:५०

तो ढिगारा म्हणजे होऊन गेलेलं हिमस्खलनच. गठ्ठ्यागठ्ठ्यांचा, माती-फांद्या मिसळलेला बर्फ आभाळातून तसा पडत नाही. तुमच्या मैत्रिणीने प्रश्न बरोबर विचारला होता.

मी उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेत बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स कोर्स केलेत, एबीसीला दोन वेगवेगळ्या ऋतूंत गेले आहे. त्या वाटेची गोम सांगते, कारण ती नकाशावर दिसते पण चालताना कळत नाही.

बांबूपासून वर तुम्ही मोदी खोला या नदीच्या अरुंद घळीतून चालता. वाट नदीच्या पश्चिम काठाने जाते. डोक्यावर हिउंचुली आहे, ६४४१ मीटर. समोर पूर्वेला मच्छापुच्छ्रे. हिंकू गुहा ते मच्छापुच्छ्रे बेस कॅम्प या पट्ट्यात वाट स्वतः अगदी सोपी, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी चालावी अशी. पण बर्फ साठतो तो वाटेच्या हजार-दीड हजार मीटर वर, कड्यांच्या माथ्यावरच्या परातीसारख्या खोलगट भागात. खालून तुम्हाला फक्त काळा कडा दिसतो. परात दिसतच नाही. तिच्यातला बर्फ सुटला की कड्यावरून नळीत, म्हणजे अरुंद उभ्या घळीत, आणि नळीतून थेट वाटेवर. २०२० साली १७ जानेवारीला याच पट्ट्यात चार दक्षिण कोरियन ट्रेकर आणि तीन नेपाळी गेले. गिर्यारोहक नव्हते ते, आपल्यासारखे पायवाटेवरून चालणारे लोक होते. आदल्या दिवसांत जोरदार बर्फ झाला होता.

आता मार्च-एप्रिलचं. पश्चिम काठावरचा उतार तोंड कुठे करून आहे? पूर्वेकडे. म्हणजे उगवतीचं पहिलं ऊन त्यालाच. घळ खोल असल्यामुळे तुम्ही सकाळी आठ-नऊपर्यंत गारठलेल्या सावलीत चालत असता, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत. तुम्हाला वाटतं अजून पहाटच आहे. वरच्या परातीला मात्र ऊन लागून दोन तास झालेले असतात. सगळी फसगत इथे होते. खालच्या थंडीवरून वरच्या बर्फाचा अंदाज बांधायचा नाही.

त्यामुळे देउरालीतून अंधारात निघा आणि ऊन तापायच्या आत तो पट्टा मागे टाका. आदल्या मुक्कामी निवांत पराठे खाऊन साडेनऊला निघणारे ग्रुप मी बघितलेत. परतताना तर सगळेच विसरतात. एबीसीवर सूर्योदय बघायचा, फोटो, नाश्ता, पुन्हा फोटो, आणि भर दुपारी त्याच नळ्यांखालून खाली यायचं. उतरताना वाट तीच असते, वेळ मात्र सगळ्यात वाईट निवडलेली असते.

पूर्व काठाने एक पर्यायी वाट आहे. धोका असला की स्थानिक लोक ट्रेकरना पूल ओलांडून तिकडून पाठवतात. देउरालीच्या लॉजवाल्याला रात्री जेवतानाच विचारा, ‘उद्या कुठल्या काठाने?’ तो पलीकडून म्हणाला तर तासभर जास्त लागला तरी पलीकडूनच जा.

बाकी उद्या लिहिते, झोप आली.

पाषाण_सर्कल | ११ मार्च, सकाळी ७:२०

रानजाईताईंचा प्रतिसाद आवडला. ‘मार्चनंतर बर्फ बसतो’ या समजुतीबद्दल थोडं, कारण हवामान हा माझा रोजचा विषय.

थंडीतली हिमस्खलनं बहुतेक कोरड्या बर्फाची. आत कुठेतरी कमजोर थर असतो, वर नवा बर्फ चढतो, वजन सोसत नाही आणि वरचा अख्खा थर, पाटच्या पाट, सुटतो. वसंतात पाणी येतं. दिवसा वरचा बर्फ वितळतो, पाणी कणांमधून खाली झिरपतं, कणांना कणांशी धरून ठेवणारे सांधे विरघळतात. ते पाणी एखाद्या कवचावर किंवा थेट खडकावर जाऊन साचलं की वरचा सगळा थर निसटायला मोकळा. उतारात पाणी शिरलं की काय होतं हे माळीण, तळिये आणि इर्शाळवाडीनंतर पुणे-रायगडच्या माणसाला शिकवायला नको. हिमालयात यासाठी पाऊसच लागतो असं नाही, ऊन पुरतं. पाऊस पडलाच तर मग विचारूच नका, बर्फावर पाऊस म्हणजे तासाभरात चित्र बदलतं.

सगळ्यात नाजूक काळ कुठला? हिवाळाभर थंड राहिलेला थर तळापर्यंत पहिल्यांदाच शून्य अंशाला येतो आणि ओला होतो, तेव्हाचा. उंचीनुसार तो मार्च ते मे कधीही असू शकतो. पुढे वितळणं-गोठणं होत होत बर्फ खरंच बसतो, पण ‘मार्च लागला, बसला’ असं कॅलेंडर त्याला नाही.

म्हणून वसंतात पहिला प्रश्न: काल रात्री बर्फ गोठला का?

हे हवेच्या तापमानावरून सांगता येत नाही, आकाशावरून जास्त चांगलं सांगता येतं. डिसेंबरात आपल्याकडे आकाश निरभ्र असलं की पाषाण, शिवाजीनगरचा पारा कसा धाडकन उतरतो, आणि ढग आले की दोन रात्रींत पाच-सहा अंश वर जातो, आठवा. तेच तिकडे. निरभ्र, कोरड्या रात्री बर्फाचा पृष्ठभाग उष्णता आकाशात फेकतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी गोठतो. ढगाळ रात्री हवा त्याहून गार असूनही नीट गोठत नाही. लोकांना उलटं वाटतं. ‘रात्री ढग होते, थंडी कमी होती, झोप छान लागली’ असं कुणी म्हणालं की मी म्हणेन, मग आज उशीर करू नका, आणि वर बर्फ जास्त असेल तर निघूच नका.

कर्वेनगर_डेपो | ११ मार्च, सकाळी ९:०५

बापरे, पूर्वेचा उतार आणि खालची सावली ही गोष्ट तर डोक्यातही आली नव्हती. दोघांचे आभार. पण गोठलंय की नाही हे आमच्यासारख्या नवख्यांनी ओळखायचं कसं?

पाषाण_सर्कल | ११ मार्च, सकाळी ९:४०

पहाटे मुक्कामाजवळच्या बर्फात काठी मारा. टणटणीत लागली, बूट नुसता ओरखडा काढतोय, तर चांगलं गोठलंय. बोटभर कवच फुटून खाली भिजलेल्या साबुदाण्यासारखा ओला रवाळ बर्फ लागला, तर गोठणं वरवरचं; ऊन आलं की तासाभरात संपेल. घोट्याच्या वर पाय रुतायला लागला तर तीव्र उतारावरून आणि त्याच्या खालून बाजूला व्हायची वेळ झाली. गुडघ्यापर्यंत रुतला तर ती वेळ आधीच टळून गेली.

एक मात्र लक्षात ठेवा. हा अंदाज तुम्ही उभे आहात त्या उंचीचा आणि त्या तोंडाच्या उताराचा. हजार मीटर वर काय आहे ते काठी सांगत नाही.

तिसरा_बोगदा | ११ मार्च, दुपारी १:१५

माफ करा, पण जरा जास्तच होतंय. एबीसीला दरवर्षी हजारो लोक जातात. त्यांच्यातल्या कुणी परातीचं तोंड पूर्वेला का पश्चिमेला बघितलेलं नसतं, आणि सगळे परत येतात. सोबत स्थानिक गाईड असतो, त्याचा जन्म तिथला. पुण्यात बसून आपण त्याच्यापेक्षा शहाणे? असे धागे वाचून लोक घाबरतात आणि शेवटी लोणावळ्याला जाऊन चिक्की घेऊन येतात. आपली माणसं अन्नपूर्णा शिखरावर जाऊन आली आणि इथे बेस कॅम्पची चर्चा चाललीय.

बुधवारचा_डबा | ११ मार्च, दुपारी १:३०

चिक्कीला काही बोलायचं काम नाही.

रानजाई | ११ मार्च, रात्री ९:२०

@तिसरा_बोगदा, गाईडबद्दल तुमचं अर्धं मान्य. स्वतःच्या खोऱ्यातल्या नळ्या त्याला आपल्यापेक्षा शंभरपट कळतात, म्हणूनच तर लॉजवाल्याला विचारा म्हटलं. अडचण दुसरीकडे आहे. गाईडला थांबावंसं वाटत असतं आणि मागे पंधरा जण परतीची तिकिटं घेऊन उभे असतात. आयोजकाला वेळापत्रक, गाईडला रोजगार, आपल्याला रजा. कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असलं की ‘तू थांब म्हणालास तर आम्ही कुरकुर करणार नाही’, तर त्या माणसाला खरं बोलता येतं. हे वाक्य ट्रेकच्या पहिल्या संध्याकाळी बोलून टाका, सगळ्यांसमोर. फुकट आहे.

आणि ‘हजारो जाऊन येतात’ याबद्दल. हिमस्खलनाच्या जागी चुकीचं वागूनही बहुतेक वेळा काहीच होत नाही. ट्रेकर म्हणतो, मला कळतं. डोंगराने त्याला काही शिकवलेलंच नसतं. दुसऱ्यांच्या पावलांचे ठसे दिसले की तर विचारायलाच नको. ठसे सकाळी सहाचे असतात, आपण जातो बाराला.

अनुभव तरी सगळ्यातून वाचवतो का? ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर आमच्या उत्तरकाशीच्या संस्थेची अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी सापडली. २९ जण गेले. प्रशिक्षक होते, दोर होते, शिस्त होती. त्यांतली सविता कंसवाल त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांच्या आत करून आली होती. कुणाला दोष द्यायला लिहीत नाहीये. गड किती वेळात चढतो याचा आणि बर्फ सुटण्याचा काहीएक संबंध नाही, एवढंच म्हणायचंय.

आता एक फरक समजून घ्या, कारण त्यावरून काय करायचं ते बदलतं.

एबीसीवर धोका वरून, आपोआप येतो. तुम्ही वाटेवर काय करता याने वरचा बर्फ सुटत नाही. तिथे हातात फक्त दोन गोष्टी: कधी जायचं आणि त्या पट्ट्यात किती वेळ राहायचं. नळीच्या तोंडाशी थांबून पाणी प्यायचं नाही, मागच्याची वाट बघायची नाही, त्या जुन्या ढिगाऱ्यावर उभं राहून फोटो काढायचा नाही. तो ढिगारा म्हणजे पुढचं हिमस्खलन कुठे येणार याची पाटीच. नळीची वाट केलेल्यांना हे अंगवळणी असायला हवं. वर कुणी असताना आपण नळीत रेंगाळतो का? ‘दगड!’ अशी हाक येण्याआधीच कडेला होतो. इथे हाक मारणारं कुणी नसतं.

रुपीन पास, बुरानघाटी, सार पाससारख्या ट्रेकवर मात्र तुम्ही स्वतः बर्फाच्या उतारावर असता. तिथे तुमच्या वजनानेच उतार सुटू शकतो. स्कीवाल्यांच्या आणि गिर्यारोहकांच्या जगभरच्या नोंदी असं सांगतात, की प्राणघातक अपघातांपैकी सुमारे ९० टक्क्यांत हिमस्खलन त्या माणसानेच किंवा त्याच्या गटातल्या कुणी सोडवलेलं असतं. वाईट बातमी वाटते, पण मला ती चांगली वाटते. आपण सोडवतो, म्हणजे न सोडवणंही आपल्या हातात.

बुधवारचा_डबा | ११ मार्च, रात्री १०:०५

ताई, मेअखेरीस रुपीन ठरतोय. त्या प्रसिद्ध घळीबद्दल लिहाच.

रानजाई | १२ मार्च, सकाळी ६:५०

रुपीन पास ४६५० मीटर, आणि शेवटची घळ बर्फाने भरलेली, दोन्ही बाजूंना खडक. अशा घळीत वरून बर्फ येवो की दगड, पळायला जागा नाही. दगडांचं लोक विसरतात. रात्री गोठून बसलेले दगड ऊन लागलं की सुटतात. त्यामुळे ती घळ पहाटेच्या अंधारात सुरू करून ऊन पोचायच्या आत संपवायची. आयोजक तीनला उठवत असतील तर चांगले आयोजक आहेत असं समजा.

उतार किती हे मोजायला शिका. पाट सुटणारी हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुरू होतात, त्यातही ३८च्या आसपास सर्वाधिक. इमारतीचा जिना साधारण तीसेक अंशांचा असतो. म्हणजे जिन्याइतका किंवा त्याहून उभा बर्फाचा उतार दिसला की कान टवकारायचे. फोनमध्ये कोन मोजायचं अ‍ॅप असतं, फोन काठीवर आडवा ठेवून काठी उतारावर टेका, आकडा मिळतो. पर्वतीच्या पायऱ्यांवर, सिंहगडाच्या वाटेवर मोजून बघा. डोळ्यांना फार चुकीचं वाटत असतं, खालून बघताना उतार सौम्य दिसतो आणि वरून बघताना भयंकर.

ओलांडायचाच झाला तर एकेकाने. बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची. नजर ठेवणं हे काम आहे, त्या वेळी डबा उघडायचा नाही. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून ठेवायचे, कारण बर्फाखाली काठी हात खाली ओढून धरते आणि तोंडासमोर हात आणता येत नाही. उतार संपतो कुठे तेही बघा. खाली नदीची घळ किंवा कडा असेल तर छोटासा ओघही पुरतो.

जंगलात मुक्काम असेल तर झाडं वाचा. गर्द रानात मधूनच वरपासून खालपर्यंत झाडं नसलेला पट्टा, किंवा भूर्जाची झाडं बुंध्याशी वाकून मग सरळ वाढलेली, वरच्या अंगाच्या फांद्या मोडलेल्या. अशा जागी तंबू टाकायचा नाही, कितीही सपाट आणि गोंडस दिसली तरी.

ओढ्यावरचे बर्फाचे पूल हा आणखी एक विषय. मेमध्ये दुपारनंतर त्यांच्यावर विश्वास नको. सार पासवर घसरगुंडी करतात तीही खाली काय आहे ते बघून.

पुणे३०_नाना | १२ मार्च, सकाळी ११:३०

वय वर्षे ६८. आम्ही उभयता मे महिन्यात केदारनाथला जाणार आहोत, मुलाने हा धागा पाठवला. ट्रेक वगैरे आमचं काही नाही, घोडा किंवा डोली. पण पूर्वी वाटेच्या दोन्ही अंगांना बर्फाच्या भिंती बघितल्याचं आठवतं. आम्हालाही हे लागू आहे काय?

रानजाई | १२ मार्च, दुपारी १२:१०

नाना, थोडंसं लागू आहे, पण घाबरू नका.

२०१३च्या पुरानंतर वाट रामबाड्याशी मंदाकिनी ओलांडून पलीकडून, लिंचोलीमार्गे गेली. त्या वाटेवर कुबेर आणि भैरव अशी दोन ठिकाणं आहेत, लोक त्यांना ग्लेशियर म्हणतात. वरून बर्फ यायच्या नळ्याच त्या. एप्रिलमध्ये बर्फ कापून वाट मोकळी करतात, त्या तुम्ही बघितलेल्या भिंती. मे २०२३ मध्ये तिथे पुन्हा बर्फ वाटेवर आला आणि यात्रा थांबवावी लागली होती. हेमकुंडच्या वाटेवर अटलाकोटीजवळही जून २०२३ मध्ये एक यात्रेकरू बाई बर्फाखाली सापडून गेल्या.

तुम्ही इतकंच करा. शक्य असेल तर मेच्या उत्तरार्धात जा. त्या दोन जागा सकाळी लवकर पार पडतील असं निघा. बर्फाच्या भिंतीला पाठ लावून फोटो काढू नका आणि घोडेवाल्यालाही तिथे थांबू देऊ नका. पोलिसांनी वाट अडवली तर वाद घालू नका, आपल्या पुणेरी बाण्याने तर मुळीच नको. आणि हाती एक-दोन दिवस जास्तीचे ठेवा.

पुणे३०_नाना | १२ मार्च, दुपारी १२:४०

धन्यवाद. वाद सौ. घालतील, त्यांना वाचून दाखवतो.

स्की_आणि_मिसळ | १२ मार्च, रात्री ८:४५

गुलमर्गला दरवर्षी स्कीला जातो, त्यामुळे सामानाबद्दल माझे दोन पैसे.

बीकन, प्रोब, फावडं. तिन्ही असतील तर उपयोग, एकटं बीकन म्हणजे गळ्यातला दागिना. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडतं, बाकीच्यांचं बीकन शोधायच्या मोडवर टाकून माग काढायचा, प्रोबने, म्हणजे लांब सळईने, नेमकी जागा टोचून काढायची आणि उपसायला लागायचं. फोन बीकनला चिकटवून ठेवू नका, शोधताना तर तो बंद करून दूरच ठेवा, सिग्नल गडबडतो.

घाई का, तर आकडे बघा. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढला तर दहातले नऊ जगतात. अर्ध्या तासानंतर तिघांपैकी एखादाच. हेलिकॉप्टर, लष्कर, बचाव पथक कुणीही दहा मिनिटांत पोचत नाही. वाचवणारे तेच, जे शेजारी उभे होते. वसंतातला ओला बर्फ तर आणखी वाईट. कोरड्याच्या मानाने सावकाश येतो, पण जड असतो आणि थांबला की सिमेंट. हाताने एक ओंजळ निघत नाही.

गुलमर्गलाही माणसं जातातच. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या अफरवट शिखराच्या बाजूला दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. राखलेल्या उतारांच्या बाहेर.

इशाऱ्यांबद्दल: चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था (तीत आता पूर्वीची मनालीची सासे ही हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था आली) जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडसाठी हिमस्खलनाचं बुलेटिन काढते, जिल्हावार, ठराविक उंचीच्या वरचं. धोक्याच्या पायऱ्या पाच. लोक तीनचा आकडा बघून म्हणतात, मधलाच आहे, चला. स्वित्झर्लंडमध्ये सर्वांत जास्त मृत्यू तीनलाच होतात, कारण चार-पाचला लोक घरी बसतात.

तिसरा_बोगदा | १२ मार्च, रात्री ९:१०

म्हणजे आता एबीसीला पाच जणांनी पाच बीकन न्यायचे? किंमत बघितलीत का? एकाच्या पैशात अख्खा ट्रेक होतो.

स्की_आणि_मिसळ | १२ मार्च, रात्री ९:२५

नाही, एबीसीसाठी मी नेणार नाही. हिउंचुलीवरून आलेला लोंढा एवढा मोठा असतो की बीकन फार तर मृतदेह शोधायला. आणि सराव नसेल तर दहा मिनिटांत कुणालाच सापडत नाही. ते पैसे एक जास्तीच्या मुक्कामावर घाला.

रानजाई | १२ मार्च, रात्री ९:४०

+१. जास्तीचा दिवस हेच खरं सामान.

आणखी एक. सॅटेलाइट मेसेंजर घेऊन भारतातल्या डोंगरात परवानगीशिवाय जाऊ नका, पोलीस केस होते. परदेशी पाहुण्यांवर झाल्या आहेत.

पाषाण_सर्कल | १३ मार्च, सकाळी ७:१०

जास्तीचा दिवस नेमका कधी वापरायचा, तेही सांगून टाकतो. वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून येणारी, पाऊस-बर्फ आणणारी हवामान प्रणाली) येऊन गेला, दोन दिवस बर्फ पडला आणि तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन. सगळ्यांना वाटतं हाच तो दिवस. फोटोंसाठी असेल. नव्या बर्फावर पहिलं कडक ऊन म्हणजे वसंतातली सर्वांत वाईट जोडी. २०२१ च्या एप्रिलमध्ये, २३ तारखेला, चमोलीतल्या सुमन्याला रस्ते बांधणाऱ्यांच्या छावणीवर हिमस्खलन आलं, दहाहून जास्त मजूर गेले. त्या आधी तिथे जोरदार बर्फ झाला होता. एप्रिलअखेर! सिक्कीममधल्या नथुला रस्त्यावर ४ एप्रिल २०२३ ला सात पर्यटक गेले. बर्फ थांबल्यावर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास देउरालीत किंवा त्याच्याही खाली काढा. एक दिवस ऊन, एक निरभ्र रात्र, मग पहाटे.

बाजूच्या छोट्या उतारांकडेही लक्ष ठेवा. बर्फाचे गोळे आपोआप घरंगळत खाली येताहेत, मागे रेघ ओढताहेत, लिंबाएवढे होते ते फुटबॉलएवढे व्हायला लागले, तर वरचा थर ओला झालाय. पायाखाली धप् असा दबका आवाज आला किंवा पावलापासून तडा पळत गेला, तर पुढे जाण्यावर चर्चासुद्धा करू नका.

सदाशिवपेठी | १३ मार्च, सकाळी ८:००

फार दिवसांनी धागा काढणाऱ्यापेक्षा उत्तरं देणारे जास्त तयारीचे निघाले. साठवून ठेवलाय.

कर्वेनगर_डेपो | १५ मार्च, रात्री ९:३०

अपडेट. आज आयोजकांशी फोनवर बोललो, ग्रुपवर न बोलता. चारच प्रश्न विचारले: देउरालीतून किती वाजता निघणार, उतरताना तो पट्टा किती वाजता, बर्फ झाला तर जास्तीचा दिवस कुठे, आणि परत फिरायचं हे कोण ठरवणार. पहिल्या प्रश्नाला ‘नाश्ता करून आठला’ असं उत्तर आलं. चौथ्याला ‘बघू तेव्हाचं तेव्हा’.

मग आम्ही त्यांच्याबरोबर न जाता छोमरोंगचा गाईड थेट घ्यायचं ठरवलंय. आगाऊ भरलेले पैसे निम्मे बुडाले, त्यावरून घरी बोलणी खाल्ली. परतीचं तिकीट दोन दिवसांनी पुढे सरकवलं. देउरालीतून पहाटे साडेचार. परतताना एबीसीवरून अंधारात निघून सकाळीच देउराली पार, सूर्योदय वाटेत दिसेल तेवढा. टोळीतल्या एकाचं म्हणणं आहे की सूर्योदय बघायचा नाही तर जायचं कशाला. त्याला आदल्या दिवशी संध्याकाळचा सोनेरी उजेड दाखवू, नाहीच ऐकलं तर एबीसीवर दुसरी रात्र काढू, जागा मिळाली तर.

तिसरा_बोगदा | १५ मार्च, रात्री ९:५०

दुसरी रात्र एबीसीवर काढणं मलाही पटतं, संध्याकाळ आणि सकाळ दोन्ही मिळतात. चारपैकी चौथा प्रश्न मी माझ्या ग्रुपलाही विचारणार आहे, एवढं मान्य. चिक्की मात्र चांगलीच असते.

कर्वेनगर_डेपो | १५ मार्च, रात्री ९:५८

मायक्रोस्पाइक (बुटांवर चढवायचे काटे) पुण्यात भाड्याने कुठे मिळतील? पहाटे गोठलेल्या वाटेवर लागतीलच.

स्की_आणि_मिसळ | १५ मार्च, रात्री १०:०४

भाड्याचे बघून घ्या, रबर बऱ्याचदा चिरलेलं असतं, ताणून बघा. माझ्याकडे दोन जोड पडून आहेत, डेक्कनला येऊन घेऊन जा. बुटांचे नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.